करंडक राहू द्या, मैदानाचं वेळापत्रक दाखवा

महाविद्यालयांचे प्राचार्य, क्रीडा संचालक आणि दरवर्षी माहितीपुस्तिका तयार करणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत खेळ शिकवते. शेवटच्या वर्षाची मुलं महाविद्यालय निवडायच्या दिवसांत तुमच्या माहितीपुस्तिका घेऊन माझ्याकडे येतात. अभ्यासक्रम, फी, पुढच्या नोकऱ्या यांवर घरी बोलून झालेलं असतं. माझ्याकडे ती उरलेला प्रश्न आणतात : "बाई, इथे मला खेळायला मिळेल का?"

मी पुस्तिका उघडते. हिरव्यागार मैदानाचा वरून काढलेला फोटो असतो, त्यात एकही माणूस नसतो. काचेच्या कपाटात करंडक असतात. गळ्यात पदक घातलेली एक खेळाडू हसत असते. ती तुमच्याकडे कोणत्या वर्षी होती ते लिहिलेलं नसतं. पान उलटलं की रंगीत दिव्यांतला नाच आणि त्याखाली 'सर्वांगीण विकास'. एवढं वाचूनही त्या मुलाला 'हो' म्हणावं की 'नाही', हे मला कळत नाही. म्हणून हे पत्र.

महाविद्यालयीन खेळ आणि जाहिरात यांची सोयरीक जुनी आहे, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणून जिची नोंद होते ती हार्वर्ड आणि येल यांच्यातली होड्यांची शर्यत. ती ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या विनिपसाकी तलावावर झाली आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला, कारण कंपनीला त्या भागात पर्यटक न्यायचे होते. खेळाडू वल्ही मारत होते, तिकिटं दुसरंच कोणी विकत होतं. तेव्हा करंडकांचे फोटो छापता म्हणून मी तुमच्यावर रागावलेली नाही. खुशाल छापा. पण करंडकावरून तुमचा संघ किती तगडा आहे एवढंच कळतं. त्या संघात, किंवा संघाबाहेर का होईना पण मैदानावर, माझ्या विद्यार्थ्याला जागा आहे का, हे कळत नाही. उलट संघ जितका तगडा तितकी साधारण खेळाडूची त्यात शिरण्याची शक्यता कमी, आणि मैदानाच्या चांगल्या वेळाही त्याच संघाकडे.

आता एका हरणाऱ्या संघाची गोष्ट सांगते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, नोबेल विजेत्यांसाठी जगभर माहीत आहे. तिथला मुलांचा बास्केटबॉल संघ आपल्या विभागीय साखळीतले सलग ३१० सामने हरला. १९८५ पासून चाललेली ही पडझड २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध ४६-४५ अशा एका गुणाच्या विजयाने थांबली. मधल्या वर्षांत शाळेच्या संघातही कधी न खेळलेली मुलं त्या संघाकडून उतरत होती. रोज सराव करायची, प्रवास करायची, हरायची, परत येऊन प्रयोगशाळेत बसायची. असला विक्रम कोणती पुस्तिका अभिमानाने छापेल? आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ मुलांना नेमकी हीच माहिती हवी असते : तुमच्याकडे बेताचा खेळणारा मुलगा संघाचा टी-शर्ट घालू शकतो का?

कॅलटेक अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, तिसऱ्या श्रेणीत खेळतं. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. चारशेहून अधिक महाविद्यालयं तिच्यात आहेत आणि सभासदसंख्येने तीनही श्रेणींत तीच मोठी. पण टीव्हीवर दिसते ती पहिली श्रेणी, त्यामुळे पालकांना वाटतं अमेरिकेतलं महाविद्यालयीन क्रीडाविश्व म्हणजे तेवढंच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही बहुतेक खेळांत याच श्रेणीत आहे आणि तिचे तीसहून अधिक संघ आहेत. तिथे पदवीसाठी शारीरिक शिक्षणाचे तास आणि पोहण्याची अट सगळ्यांनाच लागू. शिवाय धनुर्विद्या, तलवारबाजी, नेमबाजी आणि शिडाच्या होड्या, असे चार विषय पुरे केले की संस्था 'चाचा' असल्याचं अधिकृत प्रमाणपत्र देते. समुद्री चाचा, बरं का, नातेवाईक नव्हे. हसू येतं, पण कधी धनुष्य हातात न घेतलेल्या मुलीलाही तिथे ते घेता येतं, हे त्या प्रमाणपत्रावरून चार ओळींत समजतं. तुमच्या आठ रंगीत पानांतून मला एवढं समजत नाही.

अटलांटातलं स्पेलमन कॉलेज तर याच्याही पुढे गेलं. हे कृष्णवर्णीय मुलींसाठीचं ऐतिहासिक महाविद्यालय. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या अध्यक्षा बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी जाहीर केलं, की चालू वर्षानंतर आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून बाहेर पडतो. हिशेब साधा होता. जवळपास २,१०० विद्यार्थिनींपैकी संघांत होत्या ८० च्या आसपास, आणि क्रीडाविभागाचा वर्षाचा खर्च सुमारे दहा लाख डॉलर. बाकीच्या दोन हजार मुलींच्या तब्येतीचं काय, असा टेटम यांचा सवाल होता. तो पैसा त्यांनी सगळ्यांसाठीच्या व्यायामाच्या वर्गांकडे आणि सोयींकडे वळवला.

हा निर्णय मला पूर्ण पटलेला नाही. स्पर्धा म्हणून एक वेगळी शाळा असते. तिच्यातून मिळतं ते ट्रेडमिलवर मिळत नाही, आणि त्या ऐंशी मुलींनी काय गमावलं ते कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही. पण स्पेलमनने आकडे लोकांसमोर ठेवले, हे मला मान्य आहे. ८० आणि २,१००. तुमच्या संस्थेत हे दोन आकडे काय आहेत? मी हा प्रश्न काही ठिकाणी विचारला आहे. उत्तरादाखल मला कपाट दाखवण्यात आलं.

शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये अमेरिकी फुटबॉल बंद केला तेव्हा गदारोळ झाला होता. अमेरिकेतल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा १९३५ चा पहिला मानकरी, जे बर्वँगर, याच विद्यापीठाचा. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी तरीही खेळ थांबवला. ओस पडलेल्या त्या स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली, रॅकेट्स या स्क्वॉशसारख्या खेळाच्या एका कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडली, हा इतिहासाचा गमतीदार फाटा. फुटबॉल तिथे १९६९ मध्ये परतला, पण शिष्यवृत्त्या आणि दिखावा गाळून. म्हणजे एका बाजूला सगळं बंद आणि दुसऱ्या बाजूला सगळं तमाशासाठी, एवढेच दोन मार्ग नाहीत.

तुम्ही म्हणाल, असे आकडे कोण जाहीर करतं? अमेरिकेत करावे लागतात. १९९४ च्या एका कायद्यानुसार, मुलं-मुली दोघंही शिकतात, केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदत योजनेत सहभाग आहे आणि आंतरमहाविद्यालयीन संघ आहेत, अशा प्रत्येक संस्थेला दरवर्षी सांगावं लागतं की कोणत्या खेळात किती मुलगे आणि किती मुली आहेत, त्यांच्यावर खर्च किती होतो, प्रशिक्षकांना सरासरी पगार किती. हे आकडे शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. यामागे १९७२ चा 'टायटल नाइन' हा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं त्याने ठरवलं आणि मुलींच्या खेळाचा प्रश्न कोर्टापर्यंत नेण्याची वाट मोकळी केली.

अर्थात जिथे आकडे मागितले तिथे चलाखीही आली. मुलींच्या बास्केटबॉल संघाला सरावात टक्कर द्यायला जे मुलगे येतात, त्यांना मुलींच्या संघाच्या संख्येत धरलं जातं, हे उघडकीला आलं आणि त्यावर बरीच चर्चा झाली. एखाद्या मुलीचं नाव यादीत घालून तिला कधीच मैदानावर न उतरवणं, हा दुसरा प्रकार. म्हणून मी नावांची यादी मागत नाही. गेल्या वर्षी प्रत्यक्ष सामन्यात किती जण उतरले, ते सांगा. पहिल्या वर्षाची त्यांत किती, तेही सांगा. कारण तिसऱ्या वर्षी संघात येईन या आशेवर मुलं दोन वर्षं बाकावर काढतात आणि तिसऱ्या वर्षी परीक्षांचं दडपण येतं.

निवड चाचणीत जो बाद होतो त्याचं पुढे काय, हा माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रश्न, आणि पुस्तिकेत तो जवळजवळ कुठेच नसतो. ज्या संस्थांनी हा विचार केला आहे तिथे खेळाचे थर असतात. ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठाच्या संघात जाणं फार थोड्यांच्या नशिबी. केंब्रिजशी १८२९ पासूनचं वैर असलेली ती प्रसिद्ध होड्यांची शर्यत त्यांचीच. पण विद्यापीठातल्या प्रत्येक कॉलेजच्या आपापल्या होड्या असतात, पहिली, दुसरी, तिसरी, आणि आयुष्यात पहिल्यांदा वल्हं धरलेली पोरं खालच्या होडीत बसून उन्हाळी शर्यतींत उतरतात. नदी अरुंद, समोरासमोर शर्यत लावायला जागा नाही, म्हणून होड्या एकामागे एक सोडतात आणि पुढचीला धडक दिली की जिंकलं. जागेची अडचण आपल्याकडेच आहे असं सांगणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. जपानी विद्यापीठांत कडक शिस्तीच्या क्रीडा विभागांच्या शेजारीच त्याच खेळांची हलकीफुलकी मंडळं चालतात. एकीकडे २ आणि ३ जानेवारीला दहा धावपटूंनी मिळून सुमारे २१७ किलोमीटर पळायची हाकोने एकिदेन ही रिले शर्यत, जिच्यासाठी मुलं वर्षभर घाम गाळतात. दुसरीकडे आठवड्यातून एकदा टेनिस खेळून एकत्र जेवायला जाणारा घोळका. एप्रिलमध्ये सत्र सुरू झालं की दोघंही नव्या विद्यार्थ्यांना आपापल्याकडे ओढतात. अमेरिकेतही मुख्य संघाखाली हौशी क्लब आणि त्याखाली वर्गावर्गांतले, वसतिगृहांतले सामने असतात. तुमच्याकडे खालचा थर आहे का? असेल तर त्याला चेंडू कोण देतो, पंच कोण होतं?

आता वेळापत्रकाबद्दल, कारण शीर्षकात तेच मागितलं आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत बुधवारची दुपार वर्गांपासून मोकळी ठेवायची पद्धत आहे. आंतरविद्यापीठीय सामने मुख्यतः त्याच दिवशी होतात. यासाठी नवं स्टेडियम बांधावं लागलं नाही. वर्गांचं वेळापत्रक करणाऱ्या माणसाने एक रकाना रिकामा सोडला. याउलट मी पाहिलेल्या एका संस्थेत मैदान सुरेख होतं, पण प्रात्यक्षिकं साडेपाचला संपत, मैदान सहाला बंद होई आणि शनिवार-रविवार ते बाहेरच्या कार्यक्रमांना भाड्याने जाई. फोटोत ते रिकामं का दिसतं याचा उलगडा तिथे झाला. मैदान किती एकर आहे हे छापण्यापेक्षा ते कोणत्या वारी किती ते किती आणि कोणासाठी खुलं असतं, हे छापा. दिवे असतील तर कितीपर्यंत लागतात तेही. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक आठला बंद होत असेल आणि मुलींच्या सरावाची वेळ सात ते साडेआठ असेल, तर तो सराव फक्त कागदावर आहे हे तुम्हालाही माहीत असतं.

संघात घेतलं म्हणजे सगळं मिळालं, असंही मी मुलांना सांगत नाही. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास ही सक्तीच्या सरावाची मर्यादा आहे. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासांचाच धरतात आणि प्रवास त्यात मोजत नाहीत. त्यामुळे पहिल्या श्रेणीतले खेळाडू स्वतः जे तास सांगतात ते या मर्यादेच्या बरेच वर जातात, हे संघटनेच्याच पाहणीत दिसलं आहे. उच्च शिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९८४ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाविषयी एक मांडणी केली : विद्यार्थी शिक्षणाच्या अनुभवात जितकी शारीरिक आणि मानसिक ताकद गुंतवतो, तितकं त्याच्या पदरात पडतं. कॅम्पसवर राहणं, खेळणं, संस्थेतच अर्धवेळ काम करणं, या गोष्टी मुलांना शिक्षण अर्धवट सोडण्यापासून रोखतात असं त्यांच्या आधीच्या अभ्यासात दिसलं होतं. पण याच मांडणीत त्यांनी हेही नोंदवलं की खेळात पूर्ण बुडालेली मुलं बाकीच्या विद्यार्थ्यांपासून तुटू शकतात. सहभागाचे गोडवे गाताना हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

खेळाडूला दुखापत झाली तर? ही ओळ पुस्तिकेत यायलाच हवी. शिष्यवृत्ती किंवा फीमाफी चालू राहते का, उपचारांचा खर्च कोणाकडे, बुडालेल्या हजेरीचं आणि परीक्षेचं काय. अमेरिकेत १९७३ पासून कित्येक वर्षं क्रीडा शिष्यवृत्ती एकेका वर्षापुरतीच असायची. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पहिल्या श्रेणीत २०१२ मध्ये पुन्हा मिळाली. मधल्या काळात गुडघा गेला म्हणजे शिक्षणही गेलं, ही धास्ती खरीच होती. तुमचा नियम काय आहे ते सही करायच्या आधी मुलाला कळू द्या.

करंडकांच्या हव्यासाला संस्थांचे प्रमुख एकटे जबाबदार नाहीत, हेही कबूल करायला हवं. संस्थांना मोजलंच तसं जातं. आपल्या देशात सर्वोत्तम क्रीडा-कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. त्या परंपरेबद्दल मला आदरच आहे. तिथून देशाला मोठे खेळाडू मिळाले. पण पदकांवर गुण मिळत असतील तर संस्था पदकवाले शोधणार. संध्याकाळी तासभर व्हॉलीबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांना कोण गुण देणार?

कॅम्पसवरच्या बाकीच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. वर्षातून एकदा होणारा तीन दिवसांचा महोत्सव मला फारसं काही सांगत नाही; बाहेरून कलाकार आणला की गर्दी होतेच. मंगळवारी संध्याकाळी काय चालू असतं ते सांगा. नाटकवाल्यांना तालमीची खोली मिळते का, की जिन्याखाली तालीम चालते? वादविवाद मंडळाची किल्ली विद्यार्थ्याकडे असते की शिपायाकडे, आणि शिपाई किती वाजता घरी जातो? नवं मंडळ काढायचं तर किती सह्या लागतात आणि मंजुरीला किती दिवस? शनिवारी दुपारी कॅम्पस ओस पडत असेल तर दूरवरून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी ती गोष्ट कोणत्याही क्रमवारीपेक्षा महत्त्वाची आहे. रोज दोन तास प्रवास करून येणाऱ्यांसाठी उलटं : सगळे कार्यक्रम रात्री आठनंतर असतील तर ते त्यांच्यासाठी नाहीतच. मी मुलांना सांगते, संस्था पाहायला जाल तेव्हा स्वागतकक्षात फार वेळ घालवू नका, सूचनाफलकापाशी जा. त्यावरच्या तारखा वाचा. मग दिसेल त्या विद्यार्थ्याला विचारा, गेल्या आठवड्यात वर्गाबाहेर काय केलंस. तो आठवायला लागला तर समजून घ्या.

तर मागणी एका पानाची आहे. त्यावर प्रत्येक खेळात गेल्या वर्षी सामन्यांत उतरलेल्या मुलगे आणि मुलींची वेगवेगळी संख्या असावी, त्यांतले पहिल्या वर्षाचे किती ते असावं आणि शेजारी एकूण विद्यार्थिसंख्या. निवड चाचणी कधी, तिथे न निवडलेल्यांना खेळायची सोय कोणती. मैदान, कोर्ट आणि व्यायामशाळेच्या खऱ्या वेळा. पूर्णवेळ प्रशिक्षक कोणत्या खेळांना आहेत आणि कोणत्या खेळांत एखादा प्राध्यापकच शिट्टी घेऊन उभा राहतो (तो वाईटच असतो असं नाही, मी अशा काही प्राध्यापकांना नमस्कार करते). दुखापतीचा आणि हजेरीचा नियम. चालू असलेल्या विद्यार्थी मंडळांची नावं आणि प्रत्येकाची शेवटची बैठक कधी झाली ती तारीख. व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला यांतल्या कोणत्या ठिकाणी जाता येतं, तेही. आकडे लहान असले तरी चालतील. 'आमच्याकडे तीनच खेळ आहेत, पण ते रोज सगळ्यांना खुले आहेत' असं लिहिणाऱ्या संस्थेकडे मी माझे विद्यार्थी निर्धास्तपणे पाठवीन.

पुढच्या वर्षाची पुस्तिका छपाईला जाण्याआधी हे पान जोडता आलं तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर क्रीडा विभागाच्या दारावर लावलेल्या वेळापत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवलात तरी माझं काम होईल. फक्त तो चालू सत्राचा असावा.

कळावे,
आपली,
एक क्रीडाशिक्षिका